पाय कापण्यापूर्वी एक प्रश्न विचारा

मैत्रिणींनो, साताऱ्याच्या मोती चौकातून संध्याकाळी जाताना मला आजही एका गोष्टीची लाज वाटते.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. तर आमच्या आत्या माझ्याबरोबर मंडईला येत. वय सत्तरच्या घरात, पण चालायला खमक्या. मग एका वर्षी काय झाले, कोण जाणे, त्या वाटेत थांबू लागल्या. भांड्यांच्या दुकानापुढे दोन मिनिटे उभ्या राहत, पातेली न्याहाळत आणि पुन्हा चालू लागत. थोडे पुढे गेले की साड्यांच्या दुकानाशी परत तेच. दुकानदार 'या आजी' म्हणे, पण त्या आत काही जात नसत. समर्थ मंदिराकडचा चढ लागला की मग दर दहा-पंधरा घरांमागे मुक्काम. आम्ही घरात हसत होतो. मी मुलांना म्हणायची, "आजीला आता खरेदीची हौस आलीय." त्याही हसत. विकत मात्र त्यांनी कधी काही घेतले नाही.

पातेली बघायचे ते निमित्त होते. चालताना त्यांची पोटरी भरून येई, जणू कुणी आतून पीळ देतेय. उभे राहिले की दोन-तीन मिनिटांत कळ ओसरे. चारचौघांत 'मला चालवत नाही' म्हणायचे जिवावर येई, म्हणून त्या दुकान बघत उभ्या राहत. ही गोष्ट मला कळली तेव्हा त्यांच्या पायाचे बोट काळे पडले होते.

आज हा लेख लिहिते आहे तो त्या बोटासाठी. आपल्या घरात मधुमेही सासरे असतात, विडी ओढणारे काका असतात, मशेरी लावणाऱ्या सासूबाई असतात. त्यांचा चहा, त्यांच्या गोळ्या, त्यांचे पथ्य सगळे आपल्या हातात असते. पण त्यांची पावले शेवटची कधी पाहिली, आठवतेय का?

ही पोटरी का दुखते?

शाळेत आपण शिकलो आहोत की हृदयापासून शुद्ध रक्त नेतात त्या रोहिण्या, आणि परत आणतात त्या नीला. पोटरीवर निळ्या, गाठाळ दोऱ्या फुगून दिसतात त्या नीला. बाळंतपणानंतर आपल्यापैकी कित्येकींना त्या होतात. तो त्रास वेगळा. मी सांगते आहे ते रोहिणीचे दुखणे. ते बाहेरून दिसत नाही.

पोटाच्या मोठ्या रोहिणीला बेंबीच्या आसपास दोन फाटे फुटतात, एकेका पायासाठी एकेक. जांघेतून मांडीत, मांडीतून गुडघ्यामागे, आणि तिथून खाली तीन बारीक फांद्या पावलापर्यंत. वयाबरोबर या नळ्यांच्या आत चरबी आणि चुना यांचा थर बसत जातो. आपल्या बंबाच्या नळीत क्षार साचतात ना, साधारण तसेच. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तंबाखू, हे चौघे मिळून तो थर भराभर वाढवतात.

बसल्या जागी पायाला रक्त थोडे लागते, म्हणून काही कळत नाही. चालू लागले की पोटरीच्या स्नायूला जास्त रक्त हवे असते. अरुंद नळीतून ते पोचत नाही आणि स्नायू ओरडतो. थांबले की त्याची गरज कमी होते, दुखणे थांबते. ठरावीक अंतर चालले की दुखते आणि थांबले की राहते, ही या आजाराची मोठी खूण. गुडघ्याच्या संधिवाताने माणूस उठता-बसता कण्हतो. कमरेच्या मणक्याचे दुखणे असेल तर नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. एवढा फरक लक्षात ठेवला तरी डॉक्टरांना सांगताना पुष्कळ उपयोग होतो.

आणखी एक. पायाची रोहिणी अरुंद झाली असेल तर हृदयाची आणि मेंदूकडे जाणारीही तशीच असण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे पोटरीचे दुखणे ही पुढच्या हार्ट ॲटॅकची आगाऊ चिठ्ठी असू शकते. 'वय झालं, पाय दुखायचेच' म्हणून ती चुलीत टाकायची नाही.

तवा मीच तापवत होते

आता कबुली द्यायची वेळ आली. आमच्या आत्या चाळीस वर्षे मशेरी लावत. आपल्याकडे कुणी मिसरी म्हणते. निपाणीकडची तंबाखू आपल्या भागात घरोघर ओळखीची. ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी दाताला लावून अर्धा तास ओसरीवर बसायचे. त्यांना डोळ्याला कमी दिसू लागल्यापासून रविवारी तो तवा मीच तापवत होते. बी.ए. झालेली, शाळेत पोरांना व्यसनमुक्तीवर निबंध घालणारी मी! पण सासूची सेवा म्हणून केलेली गोष्ट व्यसनाला हातभार असते, हे ध्यानातच आले नाही.

विडी-सिगारेटचा धूर रोहिण्यांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. मशेरीत धूर नसतो, पण निकोटिन असतेच. ते रक्तात गेले की बारीक रोहिण्या आकसतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचे भय वेगळेच. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ साली बंदी आली. मशेरीचा तवा मात्र आपल्याच चुलीवर तापतो. तिथे बंदी घालायला कोण येणार?

तंबाखूमुळे होणारा आणखी एक रोग आहे, बर्गर नावाच्या डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा. तो ऐन पंचविशी-तिशीतल्या, विडी ओढणाऱ्या पुरुषांना गाठतो आणि हातापायाच्या बारीक वाहिन्या बंद करतो. त्यात फुग्याचा उपाय फारसा चालत नाही. तंबाखू संपूर्ण सोडणे हाच खरा इलाज. तेव्हा तरण्या दिराच्या बोटाला जखम होऊन ती बरी होत नसेल, तर 'वय काय आहे त्याचं' असे म्हणून सोडू नका.

रात्रीचे दुखणे

आमची गोष्ट पुढे सांगते. दिवाळीनंतर आत्यांच्या पायाच्या करंगळीवर भोवरी झाली. त्यांनी ती घरीच ब्लेडने तासली. थोडे रक्त आले. हळद दाबली, झाले! हळदीला सांगलीच्या मुलीने नावे ठेवायची नाहीत. माझे माहेरच हळदीच्या पेठेतले. पण जिथे रक्तच पोचत नाही तिथे हळद बापडी काय करणार? जखम भरायला रक्त लागते.

आठवड्याभरात जखमेची कड काळसर झाली. मग रात्री कळा सुरू झाल्या. आत्या झोपेतून उठून पलंगावर बसत आणि पाय खाली लोंबता सोडत. मी प्रेमाने पायाखाली उशी द्यायची, त्या ती काढून टाकायच्या. मी म्हणायची, "आत्या, पाय वर ठेवा, सूज उतरेल." त्या म्हणायच्या, "अगं पोरी, खाली सोडला की जरा गार पडतंय दुखणं."

त्यांचे बरोबर होते आणि माझे चूक. पाय खाली सोडला की वजनानेच थोडे रक्त खाली उतरते, म्हणून आराम वाटतो. शिरा फुगल्या असतील तर पाय उंच ठेवावा हे खरे, पण रोहिणी बंद असेल तर पाय उंच केल्याने उरलेसुरले रक्तही कमी होते. झोपेत पाय दुखणे आणि लोंबता सोडल्यावर बरे वाटणे ही धोक्याची घंटा आहे. या अवस्थेत महिने घालवायचे नसतात, दिवस मोजायचे असतात.

आणि मधुमेही माणसाचे आणखी अवघड. साखरेने पायाच्या संवेदना बोथट झालेल्या असतात. चालताना दुखत नाही, जखमही दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरे आहे, असे त्यांच्या बाबतीत कधीच धरायचे नाही.

सही करण्यापूर्वी

करंगळी पुरती काळी झाली तेव्हा आम्ही त्यांना एका दवाखान्यात दाखल केले. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिले आणि सांगितले, "पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. उद्या सकाळी करू." कागद पुढे आला. ह्यांच्या हातात पेन होते आणि हात थरथरत होता. आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

तेवढ्यात सांगलीहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो म्हणाला, "ताई, रोहिणीची तपासणी झालीय का? डॉपलर केलंय का? नसेल तर सही करायच्या आधी एवढं विचारा, की शीर उघडता येईल का."

तो प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. विचारला तेव्हा कळले की तपासणी झालेली नाही. कुणाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. त्या डॉक्टरांना आत्यांचा जीव वाचवायचा होता. पण पाय कापल्यावर तो प्रश्न विचारून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी करून कऱ्हाडवरून निघालो. आपल्या भागात 'मिरजेला दाखवा' हे वाक्य आजी-पणजीपासूनचे आहे. वानलेस साहेबांनी तिथे १८९४ साली मिशनचे इस्पितळ उघडले, तेव्हापासून कोकणातून आणि कर्नाटकातून माणसे मिरजेची वाट धरतात. १९६२ पासून तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. सातारा जिल्ह्यातही आता कऱ्हाडला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की यासाठी मुंबईच गाठावी लागते असे नाही. पाहायचे ते हे, की तिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन किंवा हे काम नेहमी करणारे डॉक्टर आहेत का.

सांगली-मिरजेकडच्या त्या डॉक्टरांनी आधी आत्यांचा पाय दोन्ही हातांत घेतला. जांघेत नाडी लागली, गुडघ्यामागे लागली नाही, पावलावर तर नाहीच. मग दंडावर आणि घोट्यावर रक्तदाब मोजला. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा किंचित जास्त असतो. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागले आणि उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर रोहिणीत अडथळा आहे असे धरतात. मधुमेह्यांच्या रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा कधी फसवतो, म्हणून डॉपलर सोनोग्राफी. तिच्यात मांडीतली रोहिणी एका ठिकाणी जवळजवळ बंद दिसली.

डॉक्टर म्हणाले, "आजी, करंगळी काही परत येणार नाही. पण पाऊल वाचवायचा प्रयत्न करू. फुगा घालून शीर उघडू."

आत्यांनी विचारले, "फुगा? जत्रेतला?"

स्वयंपाकघरात जन्मलेला फुगा

डॉक्टरांनी तेव्हा जी गोष्ट सांगितली आणि नंतर मी वाचून काढली, ती तुम्हालाही आवडेल.

१९६४ सालची गोष्ट. अमेरिकेत पोर्टलंड गावी एका ब्याऐंशी वर्षांच्या आजींच्या पायाला गँगरीन झाले होते. सर्जन म्हणत होते पाय काढा. आजी म्हणत होत्या, मुळीच नाही! तिथे चार्ल्स डॉटर नावाचे क्ष-किरण तज्ज्ञ होते. १६ जानेवारीला त्यांनी त्या आजींच्या मांडीच्या रोहिणीत एक तार घातली आणि तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून अरुंद जागा रुंद केली. पाय गरम झाला, जखम भरली आणि आजी दोन वर्षांहून अधिक काळ, शेवटपर्यंत, स्वतःच्या पायांवर चालल्या. म्हणजे हा सगळा उपचार सुरू झाला तो हृदयापासून नाही, एका हट्टी म्हातारीच्या पायापासून!

पण जाड नळीने वाट काढताना रोहिणीला इजा व्हायची. हे टाळावे कसे, याचा ध्यास आंद्रेआस ग्रुएन्त्झिग या तरुण जर्मन डॉक्टरांनी घेतला. ते स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिचच्या इस्पितळात काम करीत. बारीक नळीच्या टोकाला एक छोटा फुगा बसवायचा, तो मिटलेला आत न्यायचा आणि नेमक्या जागी फुगवायचा, अशी कल्पना. तो फुगा करायचा कुठे? तर त्यांच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर! त्यांची पत्नी मिखाएला, सहकारी मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा असे चौघे संध्याकाळी बसून प्लॅस्टिकच्या नळ्या तापवीत, चिकटवीत, दोरा गुंडाळीत. साधा रबरी फुगा फुगवला की वाट मिळेल तिकडे पसरतो. यांना हवा होता ठरावीक मापापर्यंतच फुगणारा आणि तरी दणकट फुगा. तो जमेपर्यंत किती तरी फुटले.

१९७४ साली हा फुगा पहिल्यांदा माणसात वापरला, तोही पायाच्याच रोहिणीत. हृदयाच्या रोहिणीची पाळी आली तीन वर्षांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी. आज घरोघर 'अँजिओप्लास्टी' शब्द माहीत आहे तो हृदयामुळे. हाच उपाय पायालाही असतो, किंबहुना तो पायापासूनच सुरू झाला, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. म्हणूनच पाय कापण्याच्या कागदापुढे आपण गप्प बसतो.

प्रत्यक्षात काय करतात?

पूर्ण भूल देण्याची बहुधा गरज नसते. जांघेत टोचून तेवढीच जागा बधिर करतात. सुईने रोहिणीत वाट करून बारीक तार आत सोडतात. एक विशिष्ट द्रव आत सोडला की क्ष-किरणांच्या पडद्यावर रोहिण्या झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतात आणि कुठे खुंटल्या आहेत ते कळते. तार अडथळ्यापलीकडे गेली की तिच्यावरून मिटलेला फुगा नेतात आणि दाब देऊन एक-दोन मिनिटे फुगवतात. साचलेला थर चिरतो, दाबला जातो, वाट मोकळी होते. मग फुगा मिटून बाहेर काढतात. वाट परत मिटेलसे वाटले तर जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवतात. हल्ली औषध लावलेले फुगेही मिळतात.

आत्यांना दीड तास लागला. त्या जाग्या होत्या. बाहेर आणल्यावर मी पावलाला हात लावला, तर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते कोमट लागले.

दाखल होण्यापूर्वी या गोष्टी डॉक्टरांना आठवणीने सांगा: मूत्रपिंडाचा त्रास, कसली ॲलर्जी, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची नावे. तो द्रव मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकतो, म्हणून आधी रक्ताची तपासणी करतात आणि काही गोळ्या थांबवतात. उपचारानंतर काही तास पाय न वाकवता उताणे पडून राहावे लागते. आपली माणसे 'जरा बसते गं' म्हणतात तेव्हा आपण खंबीर राहायचे. जांघेत फुगवटा आला किंवा रक्त आले तर तिथे हाताने घट्ट दाबून धरायचे आणि ताबडतोब नर्सला हाक मारायची.

खर्चाचे भय सगळ्यांनाच असते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी सरकारी जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना गाठा. हा उपचार त्या रुग्णालयात योजनेत बसतो का, स्टेंट लागला तर काय, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्या.

प्रत्येक पायाला फुगा नको

हे वाचून कुणी उद्याच सासऱ्यांना घेऊन 'फुगा घाला' म्हणत निघू नका हं! नुसती चालताना पोटरी दुखत असेल, जखम नसेल, रात्री कळा येत नसतील, तर पहिला इलाज वेगळाच आहे. तंबाखू बंद, साखर आणि रक्तदाब आटोक्यात, डॉक्टरांनी दिलेल्या कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, आणि चालणे. हो, दुखणाऱ्या पायानेच चालणे! दुखू लागेपर्यंत चालायचे, थांबायचे, कळ गेली की पुन्हा चालायचे. अशी अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन वेळा, तीन महिने. हळूहळू न थांबता चालायचे अंतर वाढते. डॉक्टरांना विचारून सुरुवात करा, आणि पावलावर जखम असेल तर हा व्यायाम नको.

सगळेच पाय फुग्याने वाचतात असेही नाही. अडथळा फार लांब असेल तर पायातलीच नीला काढून बायपास करावा लागतो. गुडघ्याखालच्या बारीक वाहिन्या उघडल्या तरी पुन्हा मिटण्याची शक्यता असते. आणि विष अंगभर पसरू लागले असेल, ताप चढला असेल, तर पाय काढणे हाच जीव वाचवण्याचा उपाय ठरतो. आमच्या ओळखीच्या एका काकांचे तसेच झाले. ते उशिरा आले होते. तेव्हा तुमचा प्रश्न डॉक्टरांशी भांडायला नाही. "रक्तपुरवठा तपासला का? शीर उघडता येईल का? नसेल तर का नाही?" एवढे नम्रपणे विचारायचे. चांगले डॉक्टर त्याचे उत्तर समजावून देतात.

घरी आल्यावर

आत्यांची करंगळी काढावी लागली. ती जखम भरायला तीन महिने गेले. पण पाऊल राहिले. मशेरीचा तवा मी भंगारात दिला, तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आठ महिन्यांनी पोटरी पुन्हा दुखू लागली. मी तुळशीपाशी झाडत होते, तर वृंदावनाच्या कोनाड्यात उदबत्तीच्या पुड्यामागे मशेरीची डबी! विकतची. मला रडू आले. आत्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, "सुटत नाही गं. रागावू नकोस." तेव्हा मला कळले की चाळीस वर्षांची सवय तवा फेकून जात नाही. डॉक्टरांनी पुन्हा डॉपलर केले. वाट थोडी अरुंद झाली होती, पण या वेळी फुग्याची गरज लागली नाही. व्यसन सोडवण्यासाठी त्यांनी औषध दिले, आणि आम्ही घरच्यांनी टोमणे बंद केले. सकाळच्या त्या अर्ध्या तासात आता मी त्यांच्याबरोबर ओसरीवर बसते. भाजी निवडायची असतेच. आजवर डबी पुन्हा सापडलेली नाही.

गोळ्यांच्या बाबतीत एक सांगते. रक्त पातळ ठेवायची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारायचे.

शनिवारची पाच मिनिटे

आमच्याकडे आता शनिवारी संध्याकाळी, दिवा लावल्यावर, सगळ्या वडीलधाऱ्यांची पावले पाहायची असा नेमच आहे. मधुमेह असेल तर हे रोज करावे. मी काय पाहते ते देते, कापून कपाटाच्या दारावर लावा.

१. बोटांच्या बेचक्यात आणि तळव्यावर चीर, फोड, भोवरी आहे का? तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा.

२. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का? रंग फिकट, निळसर किंवा काळपट आहे का? नडगीवरचे केस गेले, कातडी चकचकीत झाली आहे का?

३. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे बोटे ठेवून नाडी लागते का? काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी सापडत नाही, म्हणून घाबरू नका. पण डॉक्टरांना जरूर सांगा.

४. जखम दोन आठवड्यांत भरत नसेल तर डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी.

आणि हे करू नका:

१. भोवरी ब्लेडने तासू नका, भोवरीच्या औषधी पट्ट्याही लावू नका.

२. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी, शेक, कढत मीठपाणी नको. चटका बसलेला कळत नाही. पाणी आपल्या कोपराने तपासून कोमटच घ्या.

३. जखमेवर चुना, तंबाखू, राख लावू नका. पट्टी करकचून बांधू नका.

४. अनवाणी फिरू देऊ नका, घरातही नाही. देवदर्शनाला चैत्रातल्या तापलेल्या फरशीवर मोजे तरी असू द्यात. देव रागावत नाही.

५. पाय एकाएकी पांढरा, गार आणि बधिर पडला, हलवता येईना, तर ती गाठ अडकल्याची खूण असते. मालीश करत बसू नका. अशा वेळी सहा तासांच्या आत इलाज व्हावा लागतो. १०८ ला फोन करा आणि मोठे रुग्णालय गाठा.

परवा आत्या आणि मी मोती चौकात गेलो होतो. त्या भांड्यांच्या दुकानापुढे थांबल्या. माझ्या पोटात गोळाच आला. म्हटले, "आत्या, दुखतंय का?"

"नाही गं," त्या म्हणाल्या, "ते झाकणाचं पातेलं बघ. कितीला आहे विचार."